घरीं आलेला मूकपट

मनुष्य एकटा असतां रडूं शकतो. हंसण्यास मात्र त्याला सोबत लागते, असें आम्ही आजवर मानीत आलों. वर्गांत विनोदी नाटकें शिकवितांना हा सिद्धांत आम्हीं विद्यार्थ्यांपुढें कितीदां मांडला असेल याची गणती नाहीं. शोकान्त नाटक रात्रीं खोलीचें दार लावून एकट्यानें वाचलें तरी अंगावर कांटा उभा राहतो. प्रहसन तसें वाचूं गेल्यास हंसूं ओठांच्या कोपऱ्यापलीकडे सरकत नाहीं. त्याला शेजारची खुर्ची भरलेली लागते, मागच्या रांगेंतला एखादा गडगडाटी गळा लागतो, आणि एकानें सुरुवात केली म्हणजे दुसऱ्याला स्वस्थ बसूं न देणारी ती साथ लागते. हा सिद्धांत आम्हीं कोणा ग्रंथकारापासून उसना घेतला नव्हता. तो स्वानुभवाचा होता, आणि म्हणूनच सोडतांना थोडा जड गेला. यंदाच्या पावसाळ्यांत आमच्याच बैठकीच्या खोलींत अवघ्या अठरा मिनिटांच्या एका जुन्या मूकपटानें तो आमच्याकडून सोडविला. त्याची ही हकीकत.

मूकपटाचें नांव 'कॉप्स'. अमेरिकन बोलींत कॉप म्हणजे पोलीस. १९२२ च्या मार्च महिन्यांत हा चित्रपट प्रथम पडद्यावर आला. त्याचा नायक बस्टर कीटन, आणि एडवर्ड क्लाइन याच्या जोडीनें दिग्दर्शकहि तोच. आम्हीं तो पहिल्यानें पाहिला १९९० सालीं, पुण्यास एम्. ए. च्या वर्गांत असतांना. एका चित्रपट मंडळाच्या हौशी मंडळींनीं कोठून तरी सोळा मिलिमीटरची एक प्रत मिळविली होती. एका शाळेचें सभागृह, लोखंडी खुर्च्या, पाठीमागें यंत्राची खडखड, पडद्यावर पावसासारख्या पडणाऱ्या रेघा, आणि दीडदोनशें तरुण माणसें. त्या रात्रीं आम्ही इतके हंसलों कीं पोटांत दुखूं लागलें. शेवट काय झाला तें आम्हांस आठवत नव्हतें. शेवटच्या धांवपळीच्या हंशांतच दिवे लागले असावेत आणि आम्ही डोळे पुशीत बाहेर पडलों असूं. पुढें पस्तीस वर्षें ह्या चित्रपटाची गोष्ट आम्हीं अनेकांस रंगवून सांगितली. ती नेहमीं कुंपणावरील शिडीच्या प्रसंगाशीं येऊन संपे, आणि ऐकणाराहि पुढें कांहीं विचारीत नसे.

चित्रपट घरीं आणण्याची मनुष्याची हौस मात्र ह्या चित्रपटाइतकीच जुनी आहे. ज्या १९२२ सालीं 'कॉप्स' निघाला त्याच सालीं फ्रान्समधील पाथे कंपनीनें साडेनऊ मिलिमीटरच्या फितीचें एक घरगुती यंत्र विक्रीस आणिलें. पुढच्या वर्षीं कोडॅकनें सोळा मिलिमीटरची फीत काढली. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत तेव्हांपासून भिंतीवर चादर ताणून चित्रपट दिसूं लागले. सामान्य गृहस्थाची पाळी यावयास बराच काळ लागला. १९७६ सालीं जपानांत व्हीएचएसची कॅसेट आली, १९९६ मध्यें डीव्हीडीची तबकडी, २००६ मध्यें ब्लू-रे. आमच्या पिढीस ह्यांपैकीं पहिल्या वस्तूची आठवण विशेष गोड आहे. शनिवारीं रात्रीं भाड्यानें आणलेला व्हीसीआर, त्याच्याबरोबर तीन कॅसेटी, आणि सतरंजीवर दाटीवाटीनें बसलेली सारी आळी! तेथेंहि, वाचकांच्या लक्षांत येईल कीं, गर्दी होतीच. चित्रपट घरीं आला तो प्रथम गर्दी घेऊनच आला. ती पांगली मागाहून.

'कॉप्स'सारखे चित्रपट घरीं येण्यापूर्वीं नाहींसेच व्हावयाचे. त्या काळच्या फिती नायट्रेटच्या असत. त्या सहज पेट घेत, आणि पेटल्या नाहींत तर डब्यांत राहून त्यांचा भुगा होई. १९२८ सालीं कीटन एका मोठ्या कंपनीच्या नोकरींत शिरला, १९३३ मध्यें त्या कंपनीनें त्याला काढून टाकिलें, मद्यानें त्याला ग्रासलें, आणि त्याचे जुने चित्रपट कोणी विचारीना. त्यानें एके काळीं बांधलेला बंगला पुढें जेम्स मेसन या नटाकडे आला. १९५० नंतरच्या वर्षांत मेसनला त्या घरीं फितींचे डबे सांपडले, आणि कीटनच्या कांहीं चित्रपटांचा त्यामुळें पुनर्जन्म झाला. जगांतल्या निरनिराळ्या संग्रहांतल्या प्रती जुळवून, रेघा पुसून, तुटलेले तुकडे सांधून त्याच्या १९१७ ते १९२३ मधील बत्तीस लघुपटांचा पांच तबकड्यांचा संच अमेरिकेंतील किनो लॉर्बर या संस्थेनें २०१६ सालीं काढला. आमच्या चिरंजीवांनीं आपल्या पगारांतून तो मागविला आणि गेल्या आषाढांत सुट्टीवर येतांना आम्हांस आणून दिला. वाढदिवसास द्यावयाचें राहून गेलें होतें, एवढेंच त्यांचें स्पष्टीकरण.

आतां घरची स्थिति सांगणें भाग आहे. आमचे वडील, ज्यांस घरीं सर्वजण अण्णा म्हणतात, ते पोलीस खात्यांत होते. १९६१ सालीं फौजदार म्हणून ते लागले आणि १९९६ सालीं सेवानिवृत्त झाले. लहानपणीं त्यांच्या बुटांचा आवाज जिन्यावर झाला म्हणजे आम्ही भावंडें पुस्तकें उघडून बसत असूं. कोणतें पुस्तक उघडलें आहे हें पाहण्यासहि सवड नसे. त्यांनीं आम्हांस कधीं मारलें नाहीं, आणि कधीं आमच्याबरोबर ते मोठ्यानें हंसल्याचेंहि स्मरत नाहीं. आज त्यांचें वय सत्त्याऐंशी आहे आणि गेलीं आठ वर्षें त्यांस ऐकूं येत नाहीं. कानांत घालावयाचें यंत्र आहे, पण तें मेजाच्या खणांत असतें. त्यांतून माणसांपेक्षां पंख्याचा आवाज अधिक येतो अशी त्यांची तक्रार आहे. आम्ही त्यांच्याशीं बोलतों तें दगडी पाटीवर लिहून. औषध घेतलें का, भात आणखी हवा का, डॉक्टर पांच वाजतां येणार आहेत. पाटीवर मावतील एवढ्याच गोष्टी आमच्यामध्यें उरल्या होत्या. घरांत टीव्ही लागला कीं ते उठून आपल्या खोलींत जात. ओठ हलतांना पाहून काय करावयाचें, असें ते एकदां म्हणाले होते.

त्या संध्याकाळीं चिरंजीवांनीं पाटीवर लिहिलें, "आजोबा, हा सिनेमा कुणालाच ऐकूं येत नाहीं. बसा." अण्णांनीं तें दोनदां वाचलें आणि बसले. तबकडीवर पियानोचें संगीत होतें. चिरंजीवांनीं आवाज बंद केला. १९२२ सालच्या नाट्यगृहांतहि मूकपट कधीं निःशब्द नसे; खालीं पियानो किंवा वाद्यवृंद वाजत असे. खरा मूकपट म्हणतात तो आम्हीं त्या दिवशींच पाहिला. बाहेर पाऊस पडत होता, त्याचा आवाज आम्हां दोघांस येत होता. तिसऱ्यास तोहि नाहीं.

चित्रपट उघडतो तों नायक गजांआड उभा आहे आणि गजांबाहेरून एक मुलगी त्याच्याशीं बोलत आहे. बिचारा तुरुंगांत आहे असें वाटतें. मग चित्र दूर सरकतें आणि कळतें कीं तें तिच्या बापाच्या हवेलीचें फाटक आहे. बाप शहराचा मेयर. मोठा व्यापारी होऊन ये, तोंवर लग्नाचें नांव नको, असें ती त्याला सांगते. येथून त्याच्या उद्योगास आरंभ होतो. एका धिप्पाड गृहस्थाचें पाकीट रस्त्यांत पडतें, आणि देण्याघेण्याच्या गडबडींत पाकीट धन्याकडे जाऊन नोटा नायकाच्या हातांत राहतात. तो गृहस्थ निघतो साध्या वेषांतला पोलीस. त्या नोटा पाहून एक भामटा रस्त्यावर काढून ठेवलेल्या दुसऱ्याच्याच सामानापाशीं बसून रडतो आणि तें सामान नायकास विकतो. सामान असतें घर बदलणाऱ्या एका पोलिसाच्या कुटुंबाचें. हा गाडीवानच आला असें समजून तें कुटुंब आपल्या हातांनीं सारा संसार त्याच्या गाडींत चढवून देतें. तो त्यांच्या भलेपणानें गहिंवरतो. इतका सद्भाव आणि इतका घोटाळा एकाच वेळीं आम्हीं दुसऱ्या कोणत्या प्रहसनांत पाहिला नाहीं.

पुढें गाडी वळवितांना हात बाहेर काढावा तर कुत्रा चावतो, म्हणून तो लांब होणाऱ्या एका लाकडी कातरीच्या टोकास मुष्टियुद्धाचा हातमोजा लावतो. वळणावर तो मोजा बाहेर येतो आणि चौकांतल्या पोलिसाच्या तोंडावर बसतो. येथें अण्णा हंसले. वाचकहो, ज्यास आपलें हंसणें स्वतःस ऐकूं येत नाहीं त्याच्या हंशास माप नसतें. स्वयंपाकघरांतून आमच्या सौ. हातांत झारा घेऊन धांवत आल्या. त्यांस वाटलें अण्णा पडले. दुसऱ्यांदा मोजा बसला तेव्हां अण्णांनीं खुर्चीच्या हातावर थाप मारली. मग पोलिसांचें वार्षिक संचलन सुरू झालें. रस्ताभर रांगाच्या रांगा आणि त्यांत ही सामानानें लादलेली गाडी. अण्णा पुढें वांकले आणि मोठ्यानें म्हणाले, "तिसऱ्या रांगेचा पाय चुकतोय." छत्तीस वर्षांपूर्वीं कोणत्या तरी मैदानावर म्हणावें तसें तें त्यांनीं म्हटलें. चिरंजीव आणि आम्ही एकमेकांकडे पाहून हंसलों, आणि आम्ही कशास हंसलों हें पाहून तेहि हंसले.

पोलिसांची थट्टा करणारे चित्रपट कीटनपूर्वीं पुष्कळ होते. मॅक सेनेट यानें १९१२ सालीं कीस्टोन कंपनी काढली, आणि तिच्या चित्रपटांतून गाडीवरून घसरणारे, एकमेकांवर आदळणारे पोलीस अमेरिकेनें यथेच्छ पाहिले. परंतु त्या पोलिसांत प्रत्येकजण मूर्ख असतो, आणि म्हणून भीति कोणाचीच वाटत नाहीं. कीटनच्या चित्रपटांतला एकेकटा पोलीस मूर्ख नाहीं. तो आपलें काम करीत आहे. भीति वाटते ती त्यांच्या संख्येची. गच्चीवरून कोणी क्रांतिकारक बाँब टाकतो, तो येऊन पडतो गाडींत बसलेल्या ह्या भल्या माणसाशेजारीं. हा विडीसाठीं विस्तव शोधीतच असतो. पेटत्या वातीवर ती शिलगावून तो बाँब निष्काळजीपणें मागें भिरकावतो. स्फोट होतो, आणि साऱ्या शहराचे पोलीस त्याच्यामागें लागतात. रिकामा रस्ता, त्यांत एक लहान आकृति धांवत येते. क्षणभर कांहीं नाहीं. मग पूर आल्याप्रमाणें काळ्या गणवेषांनीं रस्ता कांठोकांठ भरतो. त्यांतल्या बहुतेकांनीं बाँब पाहिलेला नाहीं. पुढचा धांवतो म्हणून मागचा धांवतो.

नायकाचा चेहरा ह्या सर्व काळांत हालत नाहीं. कीटन १८९५ सालीं कॅन्सासमधील एका लहानशा गांवीं फिरत्या नटांच्या पोटीं जन्मला. बालपणीं आईबापांच्या खेळांत त्याला रंगभूमीवर इकडून तिकडे फेंकीत असत. आपण हंसलों नाहीं तर लोक अधिक हंसतात हें तो तेथेंच शिकला. उंच कुंपणावर आडवी पडलेली शिडी, तिच्या दोन्ही टोकांस लोंबकळणारे पोलीस आणि मध्यें तराजूच्या कांट्यासारखा झुलणारा तो. धांवत्या मोटारीस एका हातानें पकडून वाऱ्यावर कपड्यासारखा आडवा उडून जाणारा तो. आणि चेहरा असा कीं जणूं हिशेब जुळवीत आहे. आमच्या कथनाचा शेवट येथें होत असे. त्या दिवशीं खोलींत दीडशें माणसें नव्हतीं. हंसें ओसरलें, आणि पुढचें आम्हांस दिसलें.

पळतां पळतां तो थेट पोलीस ठाण्यांतच शिरतो आणि त्याच्यामागोमाग सारें दळ आंत शिरतें. दारें बंद होतात. थोड्या वेळानें एक ठेंगणा पोलीस बाहेर येतो. गणवेष त्याला ढगळ होतो. तो हाच. तो बाहेरून कुलूप घालतो आणि किल्ली कचऱ्याच्या डब्यांत टाकतो. तो सुटला! इतक्यांत ती मुलगी तेथून जाते. तो आशेनें तिच्याकडे पाहतो. ती नाक वर करून निघून जाते. तो क्षणभर उभा राहतो, डब्यांतून किल्ली काढतो, आपल्या हातानें कुलूप उघडतो, आणि आंतले हात त्याला ओढून घेतात. मग 'समाप्त' एवढीच अक्षरें येतात. तीं कोरलेलीं असतात एका थडग्याच्या दगडावर, आणि दगडावर त्याची ती चपटी टोपी ठेवलेली असते.

चिरंजीव म्हणाले, "अरे!" आम्ही कांहींच बोललों नाहीं. पस्तीस वर्षें एका विनोदी चित्रपटाची गोष्ट सांगत असतां तींतला मृत्यु आम्हांस ठाऊक नसावा, ह्याची आम्हांस लाज वाटली. तो पडद्यावर तेव्हांहि असला पाहिजे. परंतु शेजारचा हंसत होता म्हणून आम्ही हंसत होतों, आम्ही हंसत होतों म्हणून पलीकडचा. आणि त्या भरांत जो माणूस पळत होता त्याच्याकडे कोणाचेंच लक्ष राहिलें नव्हतें. मूकपटांतल्या त्या पोलिसांहून आम्ही त्या रात्रीं फारसे निराळे नव्हतों.

अण्णा बराच वेळ पडद्याकडे पाहत होते. मग त्यांनीं निकाल दिला, अगदीं ठाण्याच्या नोंदवहींत लिहावा तसा. "पाकिटाच्या बाबतींत तो दोषी. पैसे परत करायला हवे होते. सामानाच्या बाबतींत फसवला गेलेला. बाँबच्या बाबतींत निर्दोष." थोडें थांबून ते म्हणाले, "आणि धरला तो बाँबसाठीं."

मग, कोणी न विचारतां, त्यांनीं एक गोष्ट सांगितली. ती आम्हीं पूर्वीं कधीं ऐकली नव्हती. आमच्या मातोश्रींस ठाऊक होती कीं काय, हें विचारण्यास त्या आतां नाहींत. १९६७ सालीं अण्णा एका तालुक्याच्या गांवीं नेमणुकीस होते. बाजाराचा दिवस होता. कोणाचें तरी पाकीट गेलें आणि "चोर, चोर" अशी आरोळी उठली. "एक पोरगा पळत होता," अण्णा म्हणाले. "त्याच्यामागं दहा जण पळाले. ते पळाले म्हणून पन्नास पळाले. ते पळाले म्हणून मी पळालों. मीच धरला त्याला. पळाला म्हणजे यानंच केलं, असं आम्ही धरीत असूं. तो म्हणत होता, एस. टी. सुटतेय म्हणून पळालों. कोण ऐकतो? रात्रभर कोठडींत ठेवला. सकाळीं पाकीट मालकाच्या घरींच सांपडलं."

आम्हीं पाटी ओढली आणि लिहिलें, "मग?"

"मग सोडला. तो कांहीं बोलला नाहीं. मला नमस्कार केला आणि गेला." अण्णांनीं चष्मा काढून पुसला. "शिव्या दिल्या असत्या, तर मी विसरून गेलों असतों."

ह्यावर पाटीवर काय लिहावें हें आम्हांस सुचलें नाहीं. इंग्रजी वाङ्मयाचें अध्यापन करण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं आहेत. अपराध, पश्चात्ताप आणि न्याय ह्यांवर आम्हीं किती व्याख्यानें दिलीं असतील! परंतु आमच्याच घरांत एक मनुष्य अठ्ठावन्न वर्षें एक नमस्कार मनांत घेऊन वावरत आहे याचा आम्हांस मागमूस नव्हता. आम्ही त्यांच्या बुटांचा आवाज ऐकत होतों. तेवढ्यावरून त्यांची परीक्षा करून मोकळे झालों होतों. पळाला म्हणजे चोर, आणि बूट वाजले म्हणजे कठोर. तर्कशास्त्र एकच.

'कॉप्स' ज्या महिन्यांत प्रेक्षकांपुढें आला त्याच महिन्यांत कीटनचा गुरु आणि मित्र रॉस्को आर्बकल ह्याच्यावर सदोष मनुष्यवधाचा तिसरा खटला चालू होता, ही गोष्ट आम्हीं नंतर पुस्तकांतून पाहिली. १९१७ सालीं कीटनला चित्रपटांत आणणारा हाच. १९२१ च्या सप्टेंबरांत त्याला धरलें. वृत्तपत्रांनीं खटल्यापूर्वींच निकाल दिला. दोन वेळां पंचांचें एकमत झालें नाहीं. १९२२ च्या एप्रिलांत तिसऱ्या पंचमंडळानें त्याला निर्दोष ठरविलें, इतकेंच नव्हे तर त्याच्यावर मोठा अन्याय झाला असें लिहून दिलें. तरीहि पडद्यावरचें त्याचें पूर्वीचें वैभव संपलें तें संपलेंच. ह्या प्रकरणाचा धागा कीटननें मुद्दाम चित्रपटांत ओंवला असें म्हणण्यास आमच्यापाशीं आधार नाहीं. पण त्या दिवसांत ज्याचा मित्र जमावाच्या तावडींत होता, त्याच्या विनोदाच्या शेवटीं थडगें यावें ह्याचें आतां आम्हांस आश्चर्य वाटत नाहीं. १९९७ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचींत ह्या चित्रपटाचा समावेश झाला. त्यावेळीं निवड करणारांनीं तो शेवटपर्यंत पाहिला असेल, अशी आमची खात्री आहे.

असो. घरीं येणाऱ्या चित्रपटावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो कीं, त्यानें नाट्यगृहांतला समाज मोडला आणि माणसास एकटें केलें. आक्षेप खोटा नाहीं. आतां तर तबकडीहि मागें पडत चालली आहे, आणि एकाच घरांतलीं चार माणसें चार खोल्यांत चार चित्रपट पाहतात. परंतु गर्दीची सोबत आणि माणसाची सोबत ह्यांत भेद आहे, हें आम्हीं त्या संध्याकाळीं शिकलों. दीडशें माणसांत बसून आम्हीं जें पाहिलें नाहीं तें तिघांत दिसलें, आणि तिघांपैकीं एकास ऐकूं येत नव्हतें म्हणून दिसलें. हंसण्यास सोबत लागते हा आमचा सिद्धांत आम्हीं सर्वस्वीं टाकला नाहीं. किती माणसांची लागते, एवढाच आंकडा बदलला आहे.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं अण्णा आपण होऊन बैठकींत आले आणि कालचाच सिनेमा लाव म्हणाले. हातमोज्याच्या प्रसंगीं ते पुन्हां तसेच हंसले. ह्या खेपेस झारा घेऊन कोणी आलें नाहीं. संचलनाची तिसरी रांग त्यांनीं पुन्हां तपासली. शिडी झाली, मोटार झाली, ठाण्याचीं दारें मिटलीं. ठेंगणा पोलीस बाहेर आला, त्यानें कुलूप लावलें आणि किल्ली डब्यांत टाकली.

"इथं थांबव," अण्णा म्हणाले.

आम्हांस क्षणभर कळलें नाहीं. त्यांनीं हात वर केला. चौकांत गाडी थांबवावी तसा. आम्हीं रिमोटची कळ दाबली.

प्राध्यापकाच्या नात्यानें आम्हांस हरकत घ्यावयास पाहिजे होती. शेवट हा कलाकृतीचा प्राण आहे असें आम्ही दरसाल सांगतों. १६८१ सालीं नेहम टेट यानें शेक्सपियरच्या 'किंग लियर' नाटकाचा शेवट बदलून कॉर्डेलियेस जिवंत ठेविलें, आणि पुढें जवळजवळ दीडशें वर्षें इंग्लंडच्या रंगभूमीवर तें गोड नाटकच चाललें. ह्यावर आमचा वर्ग दरसाल हंसतो आणि आम्हीहि हंसूं देतों. त्याच वर्गांत आम्ही डॉ. जॉन्सनचीहि गोष्ट सांगतों. कॉर्डेलियेच्या मृत्यूनें तो इतका हादरला होता कीं संपादनाचें काम अंगावर येईपर्यंत त्या शेवटच्या प्रवेशांकडे पुन्हां वळण्याचें धैर्य त्याला झालें कीं नाहीं, हें त्यालाच आठवेना. असें त्यानें १७६५ च्या आपल्या आवृत्तींत लिहून ठेविलें आहे. एवढ्या मोठ्या विद्वानाचा हा हळवेपणा आम्हांस आजवर थोडा गंमतीचा वाटे. त्या संध्याकाळपासून वाटत नाहीं. नाट्यगृहांतल्या प्रेक्षकास नाटक थांबविण्याचा अधिकार नसतो. पुढें काय होणार हें ठाऊक असूनहि त्याला बसून राहावें लागतें. फौजदारास तो एकदां होता, आणि तो वापरावयाचें राहून गेलें. घरीं आलेल्या तबकडीनें तो त्यांस सत्त्याऐंशीव्या वर्षीं परत दिला.

पडद्यावर तो ढगळ गणवेषांतला मुलगा रस्त्यावर उभा होता. दार बंद, किल्ली डब्यांत. अण्णा त्याच्याकडे थोडा वेळ पाहत राहिले. मग उठले, पाटी जागेवर ठेविली, आणि "गेला बरं का एस. टी.नं," असें म्हणून निजावयास गेले.

त्यानंतर हा मूकपट आमच्या घरीं तीनदां लागला आहे. तिन्ही वेळां तो किल्लीपाशींच थांबला. जगांत इतरत्र तो अठरा मिनिटांचा असेल. आमच्या घरीं तो थोडा आधीं संपतो.